बर्फावरची फळी

आधीच माफी मागते. माझं अक्षर एका ओळीत राहत नाही, डोंगर चढल्यासारखं वर वर जातं. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला चौथीतही नीट कळलं नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. आई, तुला वाचता येत नाही, म्हणजे तुझी काही तक्रार असणार नाही. पण कधीतरी दादाची कोमल हे तुला वाचून दाखवील आणि मध्येच थांबून हसेल. हसू दे तिला. फक्त म्हणावं, शेवटपर्यंत वाच, मध्येच उठू नको.

मी निघाले त्या दिवशी तू मला फाट्यापर्यंत सोडायला आली होतीस. ह्यांना डोंबिवलीत इमारतींना रंग द्यायचं काम लागून वर्ष झालं होतं आणि कोपरला एक खोली मिळाली होती. माझ्या हातात कपड्यांची पिशवी, तुझ्या डोक्यावर दहा किलो तांदूळ. एसटी येईपर्यंत तू रडली नाहीस. उलट रागावल्यासारखी बोलत होतीस. गॅस नीट बंद कर. ओळख ना पाळख अशा माणसांशी जास्त बोलू नको. आणि दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नको. मी छत्तीस वर्षांची होते, तरी तू मला जत्रेला निघालेल्या पोरीसारखं बजावत होतीस. मला हसू आलं. एसटी वळणावर आली तेव्हा मी मागे पाहिलं. तांदळाची पिशवी माझ्या पायाशी होती, आणि तू रिकाम्या डोक्यावर हात धरून तशीच उभी होतीस.

गॅस मी आजही दोनदा बघून बंद करते. बाकीच्या दोन गोष्टींचं काय झालं ते तुला फोनवर कधी सांगितलं नाही. पावणेदोन वर्षं मी गावी का आले नाही, तेही खरं सांगितलं नाही. सुट्टी मिळत नाही म्हणाले. सुट्टी मिळत होती.

सुरुवातीची तीन वर्षं मी डोंबिवलीत दोन घरी पोळ्या करत होते, ते तुला माहीत आहे. मग शेजारच्या वैशालीने मला ठाण्याच्या एका मॉलमध्ये चिकटवलं. तुला मी सांगितलं की मॉलमध्ये साफसफाईचं काम आहे. ते अर्धं खरं होतं. त्या मॉलमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर बर्फाचा एक हॉल आहे. स्नो पार्क म्हणतात. आपण बर्फ पाहिला तो गोळेवाल्याकडे, लाकडाच्या भुशात पुरलेला. इथे तो जमिनीवर पसरलेला, भिंतींना थापलेला, आणि छतातून पिठीसारखा खाली पडत होता. मी पहिल्यांदा आत गेले तो मे महिना होता. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत माझ्या तोंडातून वाफ निघत होती. मी घाबरून तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, माझ्या आतच काहीतरी पेटलं.

लोक घामाने भिजून येत, पैसे भरत आणि पाऊण तास कुडकुडत. बाहेर पडल्यावर गरम चहा विकत घेत. हे सगळं कशासाठी, ते मला आजही नीट कळलेलं नाही.

आमचं काम म्हणजे लोकांना जाकिटं, बूट आणि हातमोजे द्यायचे, परत घ्यायचे, वाळवायचे. आणि दोन शोच्या मध्ये उतार सपाट करायचा. आत एक मोठा उतार आहे, त्यावरून लोक रबरी ट्यूबमध्ये बसून घसरतात. एका शोमध्ये त्याची अशी दशा होते की गुरं तुडवून गेलेलं शेत बरं. खड्डे, ढेकळं, चरे. चौघी जणी फावडी घेऊन पंधरा मिनिटांत तो सारखा करायचो. पाठ सरळ व्हायच्या आत पुढचा शो आत.

एक दिवस बुटांच्या खोलीत, फाटक्या ट्यूबच्या ढिगामागे मला एक फळी दिसली. माणसाच्या उंचीची, दोन्ही टोकं वर वळलेली, खालून काचेसारखी गुळगुळीत. तिच्यावर धुळीचा इतका थर होता की तिला वाली कुणी नाही हे मी स्वतःच ठरवून टाकलं. आई, मी ती पाहिली आणि मला बाबा दिसले. लावणीआधी चिखल सारखा करायला बाबा बैलांमागे फळी बांधायचे आणि वजनाला मला आणि दादाला तिच्यावर उभं करायचे. दादा धडपडायचा. मी पडत नव्हते. बाबा मागून म्हणायचे, "गुडघे आखडू नको. फळी जाईल तिकडं तू जा." मला वाटलं, ही तीच वस्तू आहे, फक्त शहरात चांगल्या कारखान्यात केलेली. बर्फ सपाट करायलाच कुणीतरी आणली असेल आणि वापरायची कशी ते कुणाला आठवत नसेल.

मी ती पुसली. नवं औत शेतात नेण्याआधी आपण लावतो तसं हळदकुंकू लावलं. वर पाय अडकवायचे कसलेसे जाड पट्टे स्क्रूने बसवले होते. चिखलात पाय बांधून कुणी उभं राहतं का? पडलं तर पाय मोडेल. मी ते पट्टे काढून भंगाराच्या गोणीत टाकले. आमच्याकडे तुकाराममामा म्हणून इलेक्ट्रिशियन आहेत, सटाण्याकडचे. त्यांना मी म्हणाले की पुढे दोन आणि मागे दोन भोकं पाडून द्या. त्यांनी ड्रिल लावलं आणि पाडली. पुढच्या भोकांत हातात धरायला दोर ओवला. मागे अ‍ॅल्युमिनियमची एक आडवी पट्टी दोरीने बांधली, म्हणजे फळी खाली आली की मागोमाग ती बर्फ सारखा करत येईल. पुढे प्लास्टिकचं एक क्रेट बसवलं, लोकांचे पडलेले मोजे-हातमोजे गोळा करायला. मामांनी आपल्या जुन्या सायकलची घंटी आणून क्रेटच्या काठाला लावली.

पहिल्यांदा वर उभी राहिले तेव्हा दोर घट्ट आवळून धरला. मग गुडघे सैल सोडले आणि फळी जाईल तिकडे गेले. मागे वळून पाहिलं तर लिंपलेल्या अंगणासारखा पट्टा. पंधरा मिनिटांचं काम पाच मिनिटांत झालं. आमचे मॅनेजर सावंतसाहेब धावत आले. मला वाटलं, गेली नोकरी. पण ते फळीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, ही तर आमच्याकडे पण असते. भातशेतीत." ते कोकणातले. छान झालंय म्हणाले आणि निघून गेले. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.

रविवारी शो एकमेकांना लागून असायचे, म्हणून माणसं आत असतानाच मला फळी फिरवावी लागायची. आई, मी बाजारात भाव विचारायलाही लाजणारी. आणि इथे घंटी वाजवत मी येऊ लागले की शंभर माणसं बाजूला होऊन माझ्याकडे बघायची. मी खाली मान घालून उतरायचे. पण लोक काही मान खाली घालू देत नव्हते.

कॉलेजच्या मुलांचा एक घोळका आला. त्यांना वाटलं, ही वेगळी राइड आहे. एकाने मला विचारलं, "मावशी, ह्याचं तिकीट आतच मिळतं का?" मी म्हणाले, हे तिकिटाचं नाही, हे झाडणं आहे. तो मित्रांना ओरडून म्हणाला, "भाई, इधर झाडू भी स्लो मोशन में मारते हैं." मला त्याचं बोलणं नीट समजलं नाही, पण सगळे मला हात जोडून बाजूला झाले.

ठाकुर्लीचं एक नवं जोडपं आलं होतं. मुलीच्या हातात हिरवा चुडा, वर आमचे हातमोजे. तिला फळीवर उभं राहून फोटो हवा होता. नवऱ्याने पुढे दोर धरला आणि हसून उभा राहिला. मी सहज बोलून गेले की आमच्याकडे तो दोर बैलाला बांधतात. नवरी म्हणाली, "मग बरोबर आहे." मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी मोजे गोळा करायच्या निमित्ताने पळाले. पण नवराच सगळ्यात जोरात हसत होता.

आणि वर्तकनगरच्या आजी. त्यांना मुलगा आणि सून घेऊन आले होते. पांढरं पातळ, त्यावर आमचं लाल जाकीट, पायात गमबूट. उतार त्या जिन्याने चढून गेल्या, पण वर गेल्यावर मुलगा त्यांना ट्यूबमध्ये बसू देईना. मी फळी घेऊन वर पोचले तर त्यांनी मला हात केला. म्हणाल्या, "बाई, हे खोकं रिकामं आहे का?" मी म्हणाले, आहे. त्या क्रेटमध्ये बसायला लागल्या. मुलगा घाबरून म्हणाला, "आई, हाडं मोडतील." आजी म्हणाल्या, "मोडली तर माझी मोडतील. बर्फ बघायला मला ब्याऐंशी वर्षं लागली, आता मी जिन्याने उतरणार नाही. तू फोटो काढ."

नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि हो म्हणायचीही नव्हती. त्या बसल्याच होत्या. मी मागे उभी राहिले, दोर घट्ट धरला आणि बाबांचं नाव घेतलं. आजी वाटभर घंटी वाजवत होत्या. खाली पोचल्यावर मी त्यांचे हातपाय शाबूत आहेत का ते बघत होते आणि त्या म्हणत होत्या, "इतक्यात संपलं?" सून मला पन्नास रुपये द्यायला लागली. मी घेतले नाहीत. आजींनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, शाळा कितवीपर्यंत ते विचारलं. चौथी म्हटल्यावर लोक बोलणं बदलतात. त्या म्हणाल्या, "चौथीपर्यंत शिकलीस म्हणजे लिहिता येतं. मग लिहितेस का काही?" असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी फळी घेऊन पुन्हा वर गेले आणि वर जाऊन मला रडू आलं, का ते सांगता येत नाही.

असे चार महिने गेले. दसऱ्याला मी फळीला झेंडूचा हार घातला, क्रेटमध्ये आपट्याची पानं ठेवली. त्या दिवशी एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, स्वतःचे हातमोजे, डोळ्यांवर स्वतःचा मोठा चष्मा. बरीच वर्षं परदेशात राहून आले होते. बोलायचे मराठी, पण वाक्याचा शेवट इंग्रजीत. त्यांनी मला उभं कसं राहायचं ते शिकवायला सुरुवात केली. गुडघे सैल, वजन पुढे. मी मान हलवत होते. मग त्यांनी स्वतः करून दाखवलं आणि हारासकट आडवे झाले. बर्फात बसूनच त्यांनी फळीवरचं कुंकू बोटाने पुसलं, मग ती उलटी करून खालची अक्षरं वाचली. मग त्यांचा चेहराच बदलला.

"ताई, हा स्नोबोर्ड आहे," ते म्हणाले.

मी हो म्हणाले. फळीचं काहीतरी नाव असणारच.

"ह्याच्यावर पाय अडकवायचे पट्टे होते ना? ते कुठे गेले?"

मी सांगितलं, अडचण होत होती म्हणून भंगारात दिले. त्यांनी भोकांतून बोट घालून पाहिलं. मग घरातलं कुणी गेल्यावर बसतात तसे ते फळीवर हात ठेवून बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी किंमत सांगितली. मला वाटलं, एक शून्य जास्त सांगितलं. मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेवढीच सांगितली. त्या थंडीत माझ्या पाठीला घाम फुटला.

माणूस वाईट नव्हता. त्यांनी कौतुकानेच माझा व्हिडिओ काढला आणि मोबाईलवरून जगाला पाठवला. त्या व्हिडिओत मी, घंटी, झेंडूचा हार, आजूबाजूला टाळ्या. तिसऱ्या दिवशी तो आमच्या मालकांनी पाहिला.

फळी मालकांची होती. परदेशातून हौसेने आणलेली. पहिल्याच दिवशी पडून त्यांचा हात मोडला आणि तेव्हापासून ती त्यांनी कुणाला दिसू नये म्हणून ट्यूबच्या मागे ठेवली होती, हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं की आम्ही चौघे त्यांच्या केबिनमध्ये उभे आहोत, मी, तुकाराममामा, सावंतसाहेब आणि टेबलावर आडवी ठेवलेली फळी. मालक ओरडले नाहीत. हळू आवाजात विचारलं, हे कुणी केलं. मी म्हणाले, मी. भोकं कुणी पाडली? मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांना रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. आणि भोकं पाडा असं मीच म्हणाले होते. मी म्हणाले, मीच पाडली.

मालकांनी सावंतसाहेबांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? साहेब जमिनीकडे बघत म्हणाले, नाही, माझ्या लक्षात आलं नाही. आई, मला तेव्हा मालकांच्या बोलण्यापेक्षा त्याचाच जास्त धक्का बसला.

"न विचारता तुम्ही हात लावलातच कसा?" मालक म्हणाले. अगदी तुझेच शब्द. तू फाट्यावरून निघून त्या केबिनमध्ये येऊन उभी राहिलीस असं वाटलं.

बेचाळीस हजार. भरून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका. माझा पगार बारा हजार. मी म्हणाले, महिन्याला दोन हजार कापा, म्हणजे एकवीस महिने. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे जेवत होते. हातातला घास हातातच राहिला. म्हणाले, "आपल्या लग्नाला एवढा खर्च आला नव्हता." आणि मग इतके हसले की ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले की मी रविवारचं एक काम जास्त घेतो, आपण लवकर फेडू. मी नको म्हणाले. हात मी लावला होता.

आणि त्याच दिवशी ठरवलं की शेवटचा पैसा फिटेपर्यंत तुझ्यासमोर यायचं नाही. फोनवर मला खोटं बोलता येतं. समोर आले असते तर तू चेहरा बघून विचारलं असतंस, काय झालं गं? आणि मी सांगून टाकलं असतं. मग तू गळ्यातलं काढून दिलं असतंस, हे मला पक्कं माहीत आहे.

म्हणून मी गौरीला आले नाही. दोन्ही दिवाळ्यांनाही नाही. दादाने बैल विकले त्या दिवशीही मी तुझ्याजवळ नव्हते. दादा म्हणाला, आता पॉवर टिलर आणलाय, चिखल झटक्यात होतो. मी विचारलं, आणि बाबांची फळी? तो म्हणाला, न्हाणीपुढच्या गटारावर टाकलीय, पाय ठेवून जायला. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ भांडी घासत राहिले, घासलेलीच.

इकडे मालकांनी फळी कुलपात ठेवली. आम्ही पुन्हा फावडी घेतली. पण तो व्हिडिओ काही कुलपात गेला नाही. कोपरला मासे घ्यायला गेले तर आमच्या नेहमीच्या आगरी मावशीने माझ्याकडे निरखून पाहिलं. "गो बाय, त्या बरफाव घसरनारी तूच ना?" म्हणाली. मी पदर पुढे ओढला. ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "लाजतंस कना? येताना माझे मावऱ्याव टाकाला थोरा बरफ आन गो." त्या दिवशी तिने मला कोळंबी जास्त घातली. मेडिकलवाल्याने विचारलं, रेशनच्या रांगेत एकीने विचारलं. ज्या शहरात इतकी वर्षं मला कुणी ओळखत नव्हतं, त्याने मला ओळखलं ते माझ्या चुकीवरून.

पार्कमध्येही लोक विचारायचे, त्या घंटीवाल्या ताई कुठे आहेत? मी तिथेच उभी असायचे, हातात फावडं घेऊन.

तीन आठवड्यांनी वर्तकनगरच्या आजी पुन्हा आल्या. बरोबर त्यांच्या ज्येष्ठ नागरिक मंडळातल्या सहा जणी, सगळ्यांनी स्वेटरवर जाकिटं चढवलेली. काउंटरवर उभ्या राहून म्हणाल्या, "आम्हाला ट्यूब नको. आम्हाला त्या बाईंच्या खोक्यात बसायचंय." सावंतसाहेब म्हणाले की ती सोय बंद आहे. आजी म्हणाल्या, ठीक आहे, आम्ही इथेच बसतो, सोय सुरू झाली की सांगा. आणि सातही जणी बूट घालायच्या बाकावर ओळीने बसल्या. एकीने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. तासभर गेला. साहेब दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा किल्ली घेऊन आले. कुलूप त्यांनीच काढलं आणि फळी माझ्या हातात देऊन म्हणाले, "मालकांना मी सांगतो." माझ्याकडे बघितलं नाही, पण आवाज वेगळा होता.

सातही जणींना मी खाली आणलं. एक सारखी किंचाळत होती, एक डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती. तेव्हापासून फळी पुन्हा सुरू झाली. पगार मात्र कापला जात राहिला. आणि दर पगाराच्या दिवशी तुकाराममामा माझ्यापुढे चहा आणून ठेवायचे. मामांनी एकदा पैसेही पुढे केले होते. ते मी त्यांच्या खिशात परत घातले.

ही वही आजींनीच दिली. म्हणाल्या, "लिही. शुद्धलेखन मी बघणार नाही, मी आता रिटायर झालेय. कुणाला दाखवायची गरज नाही."

पंधरावा हप्ता कापून झाल्यावर मालकांनी बोलावलं. मला बसायला सांगितलं. मी त्या खुर्चीत पहिल्यांदा बसले, तीही काठावर. ते म्हणाले की लोकांना तुमची फळी आवडते. तुम्ही नऊवारी नेसा, नथ घाला, वर हेल्मेट. दर रविवारी तीन शो. तुमचा मोठा फोटो आपण हायवेला लावू, एक कल्याण-मुरबाड रस्त्यालाही. उरलेले बारा हजार मी सोडून देतो.

आई, बारा हजार. म्हणजे लगेच गावी येता आलं असतं. पण मला डोळ्यांपुढे आपली एसटी दिसली, खिडकीत दादा, आणि रस्त्याकडेला हेल्मेट घातलेली त्याची बहीण. ती लाज तर होतीच. पण त्याहून एक दुसरं काहीतरी होतं. ते मला बोलायला वेळ लागला. मालक घड्याळ बघत होते.

"नको," मी म्हणाले. "मी भरते."

"अहो, मी माफ करतोय."

"माफ केलंत तर फळी तुमचीच राहील."

ते माझ्याकडे बघतच राहिले. एवढं लांब वाक्य मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. मलाही माझा आवाज ऐकून धक्का बसला होता. "तुम्हाला ती हवीय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "पैसे भरतेय मी तिचे." त्यांनी पुढ्यातली फाइल मिटली. मग म्हणाले, "बरं. पूर्ण भरा, मग न्या." निघताना त्यांनी हळूच विचारलं की पडायचं कसं नाही. मी त्यांना बाबांचं वाक्य सांगितलं.

मला इथे घर कुठलं असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. कोपर म्हणावं तर तिथल्या भिंतीला खिळा ठोकायलाही मालकिणीला विचारावं लागतं. गाव म्हणावं तर मी तुझ्याशी इतके दिवस खोटं बोलते आहे. या सगळ्या दिवसांत मी विचार करून पाहिला. तुझ्या स्वयंपाकघरात मी अंधारातही हात घालून मिठाचा डबा काढते, तुला विचारत नाही. इथे ह्यांच्या खिशातले सुटे पैसे काढते, तेही विचारत नाही. जिथे हात लावायला विचारावं लागत नाही तेवढंच आपलं घर, असं मला वाटतं. ते मोजायला गेलं तर फार थोडं आहे. पण आज त्यात एका वस्तूची भर पडली.

आज एकविसावा पगार झाला. सावंतसाहेबांनी पगाराची चिठ्ठी दिली, शेवटचे दोन हजार कापलेली. मी म्हणाले, साहेब, मला लिहून द्या. त्यांनी इंग्रजीत लिहायला घेतलं. मी म्हणाले, मराठीत. त्यांनी कागद बदलला. लिहिताना थांबून म्हणाले, "त्या दिवशी केबिनमध्ये मी बोलायला हवं होतं. छान झालंय असं मीच म्हणालो होतो." मी म्हणाले, छान झालीच आहे ती. त्यांनी सही केली, शिक्का मारला. मी तो कागद तीनदा वाचला, अक्षर लावून लावून. बेचाळीस हजार रुपये पूर्ण मिळाले. बाकी काही नाही. खाली माझं पूर्ण नाव, बाबांनी ठेवलेलं.

येत्या शनिवारी मी येते आहे. फळी एसटीच्या टपावर टाकू म्हणाले हे. गटारावरची बाबांची फळी मात्र दादाला आधी उचलायला सांग, तिच्यावर आता कुणी पाय ठेवू नये.

कागद ब्लाउजमध्ये ठेवून मी बुटांच्या खोलीत गेले. मागे साहेब, दारात मामा. फळी समोर भिंतीला टेकलेली, घंटी तशीच. मी तिच्यापाशी जाऊन थांबले.

"साहेब, घेऊ का?" मी विचारलं.

"अहो ताई, आता तुमचीच आहे. विचारताय काय?"

आई, मी विचारलं. मग हात लावला.